फुंकरीचा कौल

ज्योतीराम माणसांचे फोटो काढत नसे, आणि त्याला कारण होतं. माणसं हलतात. डोळे मिटतात, पोट आत ओढतात, आणि फोटो पाहिल्यावर नाक असं कसं आलं म्हणून फोटोवाल्यालाच बोल लावतात. त्यापेक्षा गिअर बरा. चाकणच्या कंपन्यांच्या कॅटलॉगसाठी तो गेली बारा वर्षं गिअर, बेअरिंग, ब्रेकच्या चकत्या आणि नाना जातींचे नटबोल्ट यांचे फोटो काढत होता. मूळचा धाराशिवकडचा, राहायला पिंपळे गुरवला. धंद्यात त्याचं नाव होतं ते एकाच गोष्टीमुळे: त्याच्या फोटोत धुळीचा कण सापडत नसे. उजव्या हातात कॅमेरा, डाव्या हातात रबरी फुगा. फुगा म्हणजे लिंबाएवढा, पुढं चोच असलेला. दाबला की फुस्स करून हवा सुटते आणि धूळ उडते. आधी फुस्स, मग फोटो. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की एकदा जेवताना वरणावर तरंगणारं जिरं पाहून त्यानं रिकाम्या हाताची मूठ आवळली होती. त्याची बायको विजयश्री ही गोष्ट पाहुण्यांना सांगते आणि दर वेळी तिच्यात थोडी भर घालते.

तनुजा अशाच एका कंपनीत तपासणी विभागात होती. हातमोजे घालून एकेक भाग फोटोसाठी आणून द्यायचा आणि झाल्यावर परत खोक्यात ठेवायचा, हे तिचं काम. चार वर्षांत दोघांची चांगली ओळख झाली होती आणि चार वर्षं ती एकच गोष्ट सांगत होती: सर, एकदा आमच्या हिरडेवाडीला जत्रेला या. तळेगावच्या पुढं, मावळात, धरणाच्या काठावर. ज्योतीराम दर वर्षी 'बघू' म्हणे, आणि त्याचं बघू म्हणजे नाहीच, हे सगळ्यांना माहीत होतं. या चैत्रात मात्र ती जरा वेगळं बोलली. या वर्षी याच, म्हणाली, पुढच्या वर्षी जुनी पद्धत राहील का नाही ते सांगता येत नाही.

हे त्यानं घरी येऊन सांगितलं, तिथंच फसला. मुलगी सुट्टीसाठी आजोळी गेली होती, मार्चअखेरची धावपळ संपली होती, म्हणजे सबब सांगायला जागाच उरली नव्हती. बारा वर्षं नटबोल्टांशी संसार केलात, आता दोन दिवस माझ्याशी करा, असं म्हणून विजयश्रीनं पिशवी भरली सुद्धा. शनिवारी सकाळी दोघं गाडीवर निघाले.

तळेगाव स्टेशन मागं पडलं, कारखान्यांच्या शेडा संपल्या, आंब्याची झाडं सुरू झाली. मग एक साधंसं वळण आलं, आणि ते घेतलं तो समोर पाणी. ज्योतीरामनं गाडीच थांबवली. लहानपणी टँकरमागं घागर घेऊन धावलेल्या माणसाला एवढं पाणी एकदम दिसलं की आनंदाच्या आधी संशय येतो. हे सगळं पाणीच आहे का, आणि असलं तर कुणाचं, असं त्यानं विचारलं. तुमचं नाही, चला, असं विजयश्री म्हणाली. त्याला पोहता येत नव्हतं. पोहायला शिकायचं तर आधी पाणी लागतं.

तनुजाचं घर काठापासून हाकेच्या अंतरावर होतं. तिची आई जयमालाकाकू मोठ्या अगत्याची बाई. पाणी पुढं करायच्या आधीच तिनं दोघांना जेवायला बसवलं. वडील भैरूबाबा साठीचे, काटक, आणि बोलण्यात महाकंजूष. बोलायची वेळ आलीच तर समोरच्याकडे न बघता पाण्याकडे बघून बोलत. दिवाळीनंतर त्यांचा उजवा खांदा धरला होता, हात वर जाईना. आणि सगळ्या गावाचं घोडं त्या खांद्यापाशी येऊन अडलं होतं.

ते कसं, हे जयमालाकाकूंनी भाकरी वाढता वाढता सांगितलं. पन्नासएक वर्षांपूर्वी धरण झालं आणि जुनी हिरडेवाडी पाण्याखाली गेली. गाव वर डोंगराच्या अंगाला येऊन बसलं, वाघजाईचं नवं देऊळ बांधलं, पण देवीचं मूळ ठाणं ज्या टेकडीवर होतं ती टेकडी पाण्यात बेटासारखी उरली. दर चैत्रात देवीची पालखी होडीत बसून त्या टेकडीवर जाऊन येते. आणि ती सरळ जात नाही. जुन्या गावाच्या वरून, जुन्या गल्ल्यांनी जाते. होडीवाला एकेका घराच्या जागेवर होडी थांबवतो आणि हाक मारतो, कोंडिबाचं घर! त्या घरातलं जे कुणी होडीत किंवा काठावर असेल ते ओरडून उत्तर देतं, हाय! मग पाण्यात मूठभर लाह्या टाकायच्या आणि पुढच्या घराकडे वळायचं. वर तर सगळं सपाट पाणी. कुठलं घर कुठं ते ओळखायचं समोरच्या डोंगराच्या सोंडा आणि काठावरची जुनी झाडं धरून. ही विद्या भैरूबाबांच्या वडिलांकडे होती, त्यांच्यानंतर चाळीस वर्षं भैरूबाबांकडे.

आता खांदा गेला, तर पालखी कोण नेणार? रंगराव पुढं आले. त्यांनी पर्यटकांसाठी मोटारीची लाँच घेतली होती. माणूस वाईट नव्हता, उलट कामाला सगळ्यांच्या आधी. फक्त त्यांना कुठल्याही गोष्टीला वेळ लागलेला खपत नसे. पालखी फुकट नेतो, पाच मिनिटांत पोचवतो, हाका काय त्या लाउडस्पीकरवरून मारू, असं त्यांचं म्हणणं. निम्म्या गावाला ते पटलं. निम्मं गाव म्हणालं, वल्ह्याची होडीच पाहिजे. मग वल्हं कोण मारणार, असं विचारल्यावर तनुजा उभी राहिली आणि मी मारते म्हणाली. पोरीनं पालखी नेल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. पण नेऊ नये असं कुणी लिहूनही ठेवलं नव्हतं. शेवटी सगळ्यांनी भैरूबाबांकडे बघितलं आणि भैरूबाबांनी पाण्याकडे. देवीला इचारा, एवढंच ते म्हणाले.

म्हणून आज संध्याकाळी कौल लावायचा होता.

दुपारी तनुजानं विजयश्रीला होडी दाखवायला नेलं. ज्योतीराम मागून चालत होता, पाण्यापासून सुरक्षित अंतर राखून. होडीच्या कडेला टेकून तनुजा म्हणाली, 'बाबा नाही म्हणाले असते ना वहिनी, तरी चाललं असतं. भांडले असते, रडले असते, गप्प बसले असते. पण ते काहीच बोलले नाहीत. माझ्यावर भरवसा आहे का नाही, हे मला देवीकडून कळणार आता.' हे बोलताना ती हसत होती, पण हसू काही डोळ्यांपर्यंत पोचत नव्हतं. ज्योतीरामला वाईट वाटलं. उजवा कौल मिळू दे हिला, असं तो मनात म्हणाला. त्याचं म्हणणं फारच मनावर घेतलं जाणार होतं, हे त्याला कुठं ठाऊक!

दिवेलागणीला गाव देवळात जमलं. कौलाची रीत सोपी होती. देवीच्या दोन खांद्यांवर तगरीचं एकेक ओलं फूल चिकटवायचं, प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. उजवं फूल आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. गावाचे मानकरी दादासाहेब पांढऱ्या मिशांचे, भारदस्त. त्यांनी ज्योतीरामच्या गळ्यातला कॅमेरा पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. मागं एकदा आधी कुठलं फूल पडलं यावरून गावात दोन तट पडले होते आणि सहा महिने एकमेकांच्या लग्नाला गेले नव्हते. यंदा फोटोच असू द्यात, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको, असं म्हणून त्यांनी ज्योतीरामला थेट गाभाऱ्यात, देवीपासून हातभर अंतरावर बसवलं.

'जे हाय ते दिसंल,' दादासाहेब म्हणाले. 'फकस्त देवीला हात लावायचा न्हाई.'

ज्योतीरामनं मान हलवली. एवढ्या मानाची जागा त्याला आजवर कुठं मिळाली नव्हती. देवीची पूजा करणाऱ्या रंभाआजी, ऐंशीच्या पुढच्या, थरथरत्या हातांनी फुलं लावून मागं सरल्या. दादासाहेबांनी मोठ्यानं विचारलं, आई, पालखी तनुजानं न्यावी का, न्यावी असं असलं तर उजवं दे, नको असलं तर डावं दे. बाहेर ढोल सावकाश वाजू लागला. सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. ज्योतीराम मिनिटाला दोनतीन फोटो काढत होता. काळ्या दगडावर पांढरी फुलं, वर समईचा उजेड. असा विषय बारा वर्षांत मिळाला नव्हता. तो रंगून गेला. पुढं देऊळ राहिलं नाही, गाव राहिलं नाही, राहिली फक्त भिंगातली चौकट. आणि त्या चौकटीत, उजव्या फुलाच्या पांढऱ्याशुभ्र पाकळीवर, त्याला भंडाऱ्याचा एक पिवळा कण दिसला.

पुढचं त्यानं केलं नाही, त्याच्या डाव्या हातानं केलं. फुस्स.

उजवं फूल टपकन देवीच्या पायाशी पडलं.

रंभाआजींनी डोळे उघडले आणि ओरडल्या, उजवा दिला! मग काय विचारता. ढोल दणाणला, भंडारा उधळला गेला, बायकांनी तनुजाला मिठ्या मारल्या, जयमालाकाकू रडू लागल्या. स्वतः रंगरावांनी हात जोडून देवीचा शब्द शिरसावंद्य म्हटलं. भैरूबाबा खांबाला टेकून उभे होते; त्यांनी डोळे पुसल्यासारखं केलं आणि बाहेर निघून गेले. ज्योतीराम एकटा गाभाऱ्यात बसून होता, फुगा मुठीत. हात लावू नका म्हणाले होते. हात लावलाच नव्हता. पण असल्या हिशेबानं स्वतःची समजूत काढता येईल इतका तो हुशार नव्हता.

पानं वाढली जाईपर्यंत त्यानं देवळाच्या पायरीवर बसून सगळे फोटो पुन्हा पाहिले. मोठे करून पाहिले. डावं फूल दर फोटोत केसभर खाली घसरत होतं. उजवं फूल जागचं हललंसुद्धा नव्हतं. आणखी पाचसात मिनिटं फुगा खिशात राहिला असता तर डावं फूल पडलं असतं, आणि तनुजाला देवी नाही म्हणाली असती.

विजयश्रीला त्यानं बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ती आधी पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिनं फोटो पाहिले आणि पदर खाली घेतला. ज्योतीरामचं म्हणणं असं की आता सांगितलं तर पोरीचा मान जातो, न सांगितलं तर आपण अख्ख्या गावाला आणि वर देवीला फसवलं असं होतं. शिवाय दादासाहेबांनी सकाळी सगळ्यांना फोटो दाखवा म्हणून सांगून ठेवलं होतं. चार फोटो पुसून टाकले तर कुणाला कळणार नाही, असंही त्याच्या मनात आलं आणि ते आल्याची त्याला लाज वाटली. खाई त्याला खवखवे म्हणतात, इथं तर त्यानं काही खाल्लंही नव्हतं. जयमालाकाकूंची पुरणपोळी तशीच ताटात होती. विजयश्रीनं कॅमेरा त्याच्या हातात परत दिला. मग म्हणाली, आधी तनुजाला सांगा, होडी तिची आहे, ठरवू दे तिला.

रविवारी उजाडताच तो काठावर गेला. तनुजा होडी धूत होती, तिच्या कडेला झेंडूच्या माळा बांधत होती, गुणगुणत होती. अशा माणसाला वाईट बातमी सांगणं म्हणजे पाप. ज्योतीरामनं ती तीनदा सुरू करून तीनदा हवापाण्यावर नेली. चौथ्या वेळी मात्र सगळं सांगून टाकलं आणि कॅमेऱ्यातले फोटो दाखवले. तिनं ते नीट, एकामागून एक पाहिले, कंपनीत भाग पाहायची तसे. मग हातातली माळ होडीत ठेवली आणि पाण्याकडे बघत राहिली, अगदी बापासारखी. ज्योतीरामला वाटलं, आता ही रडते.

'फोटो पुसू नका, सर,' ती म्हणाली. 'चुकून पास झालेला भाग आम्ही आमच्या हातानं बाजूला काढतो. तसाच गेला तर कधी ना कधी परत येतोच, आणि तेव्हा मान खाली घालावी लागते. चला, दादासाहेबांकडे जाऊ.'

देवळापुढं गाव जमलेलंच होतं. तो उभा राहिला आणि त्यानं झालं ते सगळं सांगितलं, कण, फुगा, डावा हात, काही लपवलं नाही. लोकांना आधी कळेचना. फुगा म्हणजे काय, दादासाहेबांनी विचारलं. ज्योतीरामनं खिशातून काढून दाबून दाखवला. फुस्स झालं आणि दादासाहेबांची पांढरी मिशी हलली. गाव खो खो हसलं. सर्वांत मोठ्यानं रंगराव हसले. त्यांना खाली बसावं लागलं. बारा वर्षांच्या धंद्यात ज्योतीरामच्या कामाला एवढी दाद कधी मिळाली नव्हती.

पण हसणं ओसरलं आणि प्रश्न जिथल्या तिथं उभा राहिला. रीत अशी की एक प्रश्न देवीला वर्षात एकदाच विचारायचा. परत कौल लावता येत नव्हता आणि पडलेला कौल खरा म्हणता येत नव्हता. रंगराव उठून म्हणाले, मी कुणाच्या वाईटावर नाही, पण मग पालखी लाँचमध्ये ठेवू, ऊन चढायला लागलं. दोनचार जणांनी माना डोलावल्या. दादासाहेब मिशीवरून हात फिरवत राहिले. तनुजा देवळाच्या पायरीपाशी सरळ उभी होती, चेहऱ्यावर काही दिसू न देता, आणि तिच्याकडे बघवत नव्हतं.

तेवढ्यात रंभाआजी काठी टेकत उठल्या. त्या दादासाहेबांकडे गेल्या नाहीत, देवीकडे गेल्या नाहीत. मागं, आंब्याखाली भैरूबाबा बसले होते, त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

'भैरू, देवीला कशापायी इचारलंस तू?' आजी म्हणाल्या. 'तिला काय वल्हं मारायचंय? होडी तुजी, पोरगी तुजी. तुज्या मनात काय हाय, त्ये आजवर एकदा तरी बोललास व्हय?'

सगळे मान वळवून बघू लागले. भैरूबाबांनी सवयीनं पाण्याकडे बघितलं. आजी मधे येऊन उभ्या राहिल्या. पाणी दिसेनासं झालं. मग भैरूबाबा उठले. उठायला त्यांना वेळ लागला, बोलायला त्याहून जास्त. पण बोलले ते लेकीकडे बघून.

'तिला समदी घरं ठावं हायती,' ते म्हणाले. 'एकोणचाळीस. सा वर्सांची व्हती तवापास्नं म्या शिकवली. डोळं बांदून सोडली तरी एक घर चुकायची न्हाई. माज्यापरीस बरी वल्हवती.' इथं ते थांबले. 'म्या व्हय म्हणलो आन् लोकांनी नावं ठिवली, तर ती पोरीला ठिवतील. म्हणून देवीच्या आड लपलो. लपायला नको व्हतं. माजी पोरगी पालखी नेईल. माजा शबुद हाय.'

चाळीस वर्षांत गावानं भैरूबाबांच्या तोंडून एका दमात एवढे शब्द ऐकले नव्हते. तनुजाचा चेहरा तेव्हा कुठं हलला. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि जयमालाकाकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. दादासाहेब म्हणाले, घरधन्याचा शब्द झाला, आता कुणाला काही बोलायचंय? सगळ्यांनी रंगरावांकडे बघितलं.

'आदीच बोलायचं की राव,' रंगराव म्हणाले. 'माजा एक दिवसाचा धंदा बुडवलात.' आणि लगेच लाँचमधून केशरी जाकिटं आणायला माणूस पाठवला. लाँच मागं लांबून आणतो, पोरीचा हात दुखला तर दोर टाकू, असंही त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

रंभाआजींचं मात्र अजून संपलं नव्हतं. त्या काठी उगारून ज्योतीरामकडे वळल्या. ज्यानं देवळात फुंकलं त्यानं होडीत बसायचं, देवीच्या पुढ्यात, जाऊन येईपर्यंत. हा त्याचा दंड. ज्योतीरामनं सांगून पाहिलं की मला पोहता येत नाही. देवीला बी येत न्हाई, आजी म्हणाल्या, ती जाती का न्हाई? विजयश्रीनं नवऱ्याला स्वतःच्या हातानं जाकीट घातलं, सगळे बंद दोनदा आवळले, आणि काठावरून त्याचे फोटो काढायला फोन हातात घेतला.

होडी निघाली. पालखी मधे, तिच्या एका बाजूला दादासाहेब, दुसऱ्या बाजूला भैरूबाबा, पुढं ज्योतीराम. त्याची पाचावर धारण बसली होती. दोन्ही हातांनी त्यानं फळी अशी धरली होती की ती कुणाला हवी असती तर त्याच्यासकट न्यावी लागली असती. कॅमेरा गळ्यात नुसता लोंबत होता. पण पहिल्या दहा वल्ह्यांतच त्याला एक गोष्ट कळली: होडी हलत नव्हती, सरकत होती. तनुजाचे हात एका लयीत पुढं-मागं जात होते आणि पाण्याला त्याचा राग येत नव्हता. भैरूबाबांचा डावा हात मांडीवर ठेवलेला होता आणि त्याची बोटं त्याच लयीत हलत होती.

डोंगराच्या एका सोंडेकडे आणि काठावरच्या वडाकडे बघून तनुजानं वल्हं थांबवलं. कोंडिबाचं घर! काठावरून आवाज आला, हाय! लाह्या पडल्या, होडी पुढं गेली. तात्याबाचं घर! काठावरून चारपाच पोरं एकदम ओरडली, हाय! एका घराचं कुणीच गावात नव्हतं; त्या घरचा माणूस रविवारच्या शिफ्टला होता, पण त्यानं शेजाऱ्याला फोन लावून ठेवायला सांगितलं होतं. काठावर फोन उंच धरला गेला आणि त्याच्यातून, मागं मशिनचा खडखडाट, बारीक आवाजात हाय आलं. रंगरावांच्या घराची हाक आली तेव्हा लाँचमधून असा काही आवाज उठला की लाउडस्पीकरची गरज कुणालाच पडली नसती. तनुजा एकही जागा शोधत नव्हती. ती घरातून घरात जावं तशी जात होती. ज्योतीरामच्या बोटांनी हळूहळू फळी सोडली आणि कधी कॅमेरा धरला ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

अठ्ठाविसाव्या घरावर होडी थांबली आणि तनुजा बोलेना. वल्ही पाण्याबाहेर, त्यांच्यावरून थेंब गळताहेत, ती नुसती बापाकडे बघतेय. ज्योतीरामला वाटलं, विसरली. दादासाहेबांनी वाकून त्याच्या कानात सांगितलं. हे भैरूचं स्वतःचं घर. याच्या बापाचं, धोंडूबाचं. भैरू इथंच जन्मला. पण दर साली हाक मारणारा तोच, आपल्याच हाकेला आपणच हाय कसं म्हणायचं, आणि तो हाकच मारीना तर घरच्यांनी उत्तर तरी कशाला द्यायचं? म्हणून चाळीस वर्षं तो इथं घटकाभर थांबतो, लाह्या टाकतो आणि काही न बोलता पुढं जातो.

तनुजानं दम घेतला.

'धोंडूबाचं घर!'

भैरूबाबांनी तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. मागं रंगरावांनी इंजिन बंद केलं होतं. तनुजा थांबली. तिला घाई नव्हती. भैरूबाबांनी पाण्यात खाली बघितलं, मग मान वर करून लेकीकडे बघितलं.

'हाय,' ते म्हणाले. आणि ते पुरेसं वाटलं नाही म्हणून, खांद्याची पर्वा न करता अर्धे उठून, छाती भरून पुन्हा म्हणाले, 'हाय! हाय की गं!'

समोरच्या डोंगरानं ते परत केलं. तनुजानं लाह्या टाकल्या, दंडानं डोळे पुसले आणि वल्हं पाण्यात घातलं. अजून अकरा घरं राहिली होती.